डोकं कुठं टेकवायचं?

1972च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर वेटलिफ्टिंगमधला ‘प्रेस’ हा प्रकार कायमचा रद्द झाला. नियम तसा सोपा होता. वजन खांद्यापर्यंत आणायचं आणि ताठ उभं राहून निव्वळ हातांच्या ताकदीवर डोक्यावर न्यायचं. पण स्पर्धक कंबरेतून मागे असे काही कलायला लागले, की गडी उभा आहे की उताणा, हे ठरवताना पंचांची पंचाईत व्हायची. मागे कललं की खांद्याचं काम छातीवर ढकलता येतं. शेवटी संघटनेनंच हात टेकले.

ती लबाडी मात्र रद्द झाली नाही. ती उलटी होऊन आता घरोघरच्या भिंतींना टेकलेली दिसते. हँडस्टँड पुशअप म्हणजे तोच प्रेस; वजनाच्या जागी स्वतः, एवढाच फरक.

याचा उमेदवार साधारण चाळिशीचा, बसून काम करणारा, पण साध्या पुशअप्स बऱ्यापैकी मारणारा असतो. घोळ तिथूनच सुरू होतो. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार येतो, उरलेला पाय सांभाळतात. म्हणजे 75 किलोचा गृहस्थ 50 किलोच्या आसपास ढकलत असतो. उलटं झाल्यावर पाय वर हवा खातात आणि जवळजवळ अख्खे 75 किलो मनगटांवर येतात. त्यातून छातीचा मोठा स्नायू बराचसा रजेवर जातो आणि सगळा संसार खांदे आणि दंडाच्या मागच्या स्नायूवर पडतो. वीस पुशअप्सचं भांडवल इथे एका हँडस्टँड पुशअपलाही पुरत नाही.

म्हणून पायऱ्या. पहिली पाइक पुशअपची : हात जमिनीवर, पाय हातांच्या जवळ, ढुंगण छताकडे. तालमीत जोर मारलेल्याला ही सुरुवात ओळखीची वाटेल. मात्र जोरात शरीर सापासारखं पुढे सरकून छाती वर येते. इथे ज्या वाटेनं खाली गेलं, त्याच वाटेनं परत यायचं असतं. उमेदवार पहिल्या दोन खेपा अशा करतो. तिसऱ्या खेपेला ढुंगण हळूच खाली येतं, पाठ आडवी होते आणि पाइक पुशअपचा साधा पुशअप होतो. मोजणी मात्र चालूच असते. ढुंगण वर ठेवून जमेनासं झालं की मोजणं थांबवावं, हा नियम ऐकायला सोपा आहे. पण मोजणारा आणि करणारा एकच असल्यावर न्याय मागायचा कुणाकडे? हे नीट जमलं की पाय स्टुलावर ठेवायचे, म्हणजे कंबर खांद्यांच्या वर येते आणि धड जवळजवळ उभं होतं.

आता खरा प्रश्न डोक्याचा. खाली जायचं म्हणजे सरळ खाली, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण डोकं दोन हातांच्या बरोबर मधे उतरवलं, की कोपरं दोन्ही बाजूंना फाकतात आणि खांद्याचा सांधा कुरकुरायला लागतो. डोकं हातांच्या पुढे, बोटांच्या दिशेनं उतरलं पाहिजे. दोन तळवे आणि डोकं यांचा त्रिकोण व्हावा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा राहावा. कोपरं मागे, थोडी आत. हा त्रिकोण जमिनीवर खडूनं काढून ठेवला तर फार उपयोग होतो. फक्त घरात त्याचा अर्थ भलताच लागू शकतो.

“अहो, हे काय काढलंय फरशीवर?”

“त्रिकोण.”

“ते दिसतंय. उद्या पुसायचा कुणी?”

दुसरी गोम भिंतीची. बहुतेक जण भिंतीकडे तोंड करून हात टेकतात आणि लाथ मारून पाय वर फेकतात. पाठ भिंतीकडे येते, टाचा टेकतात आणि मधलं शरीर केळ्यासारखं वाकतं. झालं, म्युनिक पुन्हा सुरू! उपाय उलट दिशेचा आहे. भिंतीला पाय लावून ओणवं व्हायचं, पायांनी भिंत चढत जायचं आणि हात मागे मागे आणायचे, म्हणजे पोट भिंतीकडे येतं. या अवस्थेत पाठीची कमान करायला जागाच उरत नाही. बरगड्या आत, नितंब आवळलेले. वर पोचल्यावर खांदे कानांकडे उचलायचे. ‘खांदे खाली घे’ असं आयुष्यभर ऐकलेल्याला हे पटायला वेळ लागतो. परतायचं कसं, हे मात्र चढण्याआधी शिकावं. एका बाजूला वळून पाय उतरवता आले नाहीत, तर खालच्या मजल्यावरचे वर येतात.

काहींचा अडसर ताकदीचा नसतोच. भिंतीला पाठ लावून उभं राहावं आणि बरगड्या पुढे न काढता हात सरळ वर नेऊन मनगटं भिंतीला टेकवून पाहावीत. टेकली नाहीत, तर उलटं झाल्यावरही ती व्यक्ती सरळ होणार नाही. वर्षानुवर्षं संगणकासमोर वाकलेले खांदे आधी मोकळे करावे लागतील. मनगटांचंही तेच. काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्यांनी यात पडूच नये : शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. नेहरू तुरुंगात शीर्षासन करत. शरीराला लाभ होतोच, पण त्या विनोदी अवस्थेमुळे आपला स्वभाव जरा खेळकर आणि सोशिक होतो, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. हँडस्टँड पुशअपवाल्यांच्या घरच्यांना असा अनुभव आल्याचं ऐकिवात नाही.

यापुढे कामाला येतात दिवाळी अंक. भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहायचं आणि पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यायचं. वर ढकलता येत नाही तेवढं वजनही स्नायू उतरवू शकतात, त्यामुळे हा मार्ग आधी खुला होतो. डोक्याखाली अंकांची चळत ठेवायची आणि तिथपर्यंतच जाऊन वर यायचं. जमलं की एक अंक कमी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा मराठी डोक्यांची मशागत त्यांच्या मनात होतीच, ती या दिशेनं होईल, असं काही त्यांना वाटलं नसावं. चळतीवर डोकं आदळू मात्र नये. टेकल्याचा स्पर्श कळावा, भार हातांवरच राहावा.

क्रॉसफिटवाल्यांनी आणखी एक वाट काढली आहे. खाली डोकं टेकवायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पाय झटक्यानं वर फेकून त्या वेगावर हात सरळ करायचे. त्यांच्या स्पर्धांत ते चालतं, त्याला कौशल्यही लागतं. ज्याला धीम्या लयीत एकही जमत नाही, त्यानं मात्र त्या नादी लागू नये. झटका चुकला तर सगळा हिशेब मानेवर येतो.

भिंत सोडून मोकळं उभं राहणं हे वेगळंच शास्त्र. तिथे तोल बोटं राखतात : शरीर बोटांच्या दिशेनं पडू लागलं की बोटांची टोकं जमिनीत रोवायची, मागे पडू लागलं की तळव्यावर यायचं. सरावाला वर्षं जातात.

दरम्यान चळत संपते, डोकं थेट सतरंजीला टेकतं आणि उमेदवार घरभर जाहीर करतो, की झालं. झालेलं नसतं. दोन हातांवर उभ्या राहिलेल्या माणसाचे खांदे अजून अर्ध्याच वाटेवर असतात, कारण मधे डोकं येतं. पुढच्या पायरीवर उंची हातांखाली द्यायची, म्हणजे डोकं तळव्यांच्याही खाली उतरतं. इथे दिवाळी अंक वापरू नयेत, गुळगुळीत मुखपृष्ठं घसरतात. दोन सारख्या उंचीचे, न डुगडुगणारे ठोकळे घ्यावेत आणि पुन्हा एकपासून मोजायला लागावं.