सुपारी कोणाला?

लग्नसराई आली की अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी गावांत हळदीचं घर कोणाला विचारावं लागत नाही. दोन आळ्या अलीकडेच खिडक्यांची तावदानं थरथरतात. ट्रकवर रचलेल्या खोक्यांसाठी यजमान डीजेवाल्याला मागेल ती रक्कम देतो, तीही आगाऊ. आत ओटीवर बसलेल्या धवलारिणीच्या वाट्याला काय येतं? एक लुगडं, आणि ‘आजी, जरा आटपा.’

धवलारीण म्हणजे हौसेखातर गाणारी बाई नव्हे. मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिला तोंडपाठ असतो. भटजी बोलवायची रीत नव्हती तिथे लग्नही तीच लावायची. ना वही, ना माइक, ना वाद्य. ती एक ओळ सोडते, भोवतीच्या बाया ती उचलतात. बाहेर डीजे दणाणत असेल तर ओळ ऐकू येणार कोणाला आणि उचलणार कोण?

न उचललेली ओळ पुढच्या लग्नात आठवत नाही.

‘लोककला नामशेष होत चालल्या आहेत’ हे वाक्य आपण प्रत्येक भाषणात ऐकतो आणि माना डोलावतो. नामशेष काहीही आपोआप होत नाही. आपण सुपारी दुसऱ्याला दिलेली असते.

‘पण आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय ना!’ छान केलंत. धवलारीण दर लग्नात नवरीचं नाव गुंफते, तिच्या मामाचं गुंफते, गावाचं गुंफते. तुमच्या मोबाइलात शेजारच्या पोरीचं लग्न आहे. तुमच्या पोरीचं कोण गाणार?

उल्हासनगरचं दुखणं आणखी जुनं आहे. फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घर मागे राहिलं, जमीन मागे राहिली, गाणं मात्र बरोबर आलं. लग्नातले लाडे, चेटीचंडची छेज आणि भगत. भगत म्हणजे गाणं, नाच, गोष्ट, टोमणा, सगळं एकाच माणसाच्या अंगात. पायघोळ जामा, पायांत घुंगरू, समोर रात्रभर न हलणारं गाव. संत कंवरराम हे या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव. झोळीत पडलेलं सगळं ते गोरगरिबांत वाटून टाकत. 1 नोव्हेंबर 1939 ला सिंधमधल्या रुक स्टेशनवर त्यांना गोळ्या घालून मारलं.

कंवररामांच्या तसबिरीला आजही नेमाने हार चढतो. घरच्या कार्याला भगत शेवटचा कधी बोलावला होता?

सिंधी भाषा 1967 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. घरातल्या नातवाच्या तोंडात ती किती आहे, ते आजीला विचारा. ‘पोरांना कळत नाही म्हणून भगत ठेवत नाही’ असं म्हणतात. उलटं आहे. भगत ठेवत नाही म्हणून पोरांना कळत नाही. कोपरखळी समजायला आधी चारदा ती चुकीच्या जागी हसून ऐकावी लागते.

आता 14 एप्रिलकडे या. उल्हासनगर-अंबरनाथच्या वस्त्यांत एके काळी जयंती म्हणजे गायन पार्टी. पेटी, ढोलकी, मागे कोरस, दोन पार्ट्यांचा सामना आणि पहाटेपर्यंत न उठणारी माणसं. वामनदादा कर्डकांनी (1922-2004) अख्खं आयुष्य गावोगाव गात काढलं. प्रल्हाद शिंद्यांचं घर तर शेजारी कल्याणातच. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला शिक्षण, हक्क, घटना हे शब्द या गाण्यांनी दिले. ढोलकी थांबायची तेव्हा शब्द कानात शिरायचा.

आज त्याच गाण्याचं रिमिक्स मिरवणुकीत वाजतं आणि त्यात शब्दच ऐकू येत नाही. ज्या गाण्याने आपल्या बापजाद्यांना वाचा दिली, त्याचीच वाचा आपण बंद करायची? हे बोलायचं धाडस वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिरांनी कधीच केलंय. ऐकलं कोणी?

कायदा काय म्हणतो तेही पाहून घ्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. डीजे यात भर दुपारीही बसत नाही. रात्रभराच्या गाण्याचा गळा मात्र दहाच्या ठोक्याला आवळला जातो.

तरीही वाट आहे, आणि ती त्याच नियमांत लिहिलेली आहे. बंदिस्त सभागृह, समाजमंदिर, तिथे आतल्या माणसांपुरता आवाज रात्रीही चालतो. आपल्या तिन्ही गावांत समाजमंदिरं कमी आहेत का? त्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे प्रभागात सगळ्यांना ठाऊक असतं.

या पट्ट्यात रोज, न चुकता, पैशांशिवाय जिवंत गाणं ऐकायचं तर कुठे जायचं?

लोकलमध्ये.

बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. तेवढ्या वेळात रूपाचा अभंग, गवळण आणि वर एक भारूड सहज बसतं. खिडकीशी टाळ, दारापाशी चिपळ्या, मृदंग नसेल तर डब्याच्या पत्र्यावर थाप. नवा पोरगा आधी नुसता उभा राहतो. मग कोणीतरी त्याच्या हातात टाळ देतो. मग तो ध्रुवपद उचलायला लागतो. आणि एखाद्या सकाळी बुवांचा घसा बसलेला असतो, ते मानेनेच खूण करतात, ‘तू घे.’ संगीताचं याहून चांगलं विद्यालय मला दाखवा. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. पास असला की झालं.

तक्रारी होतात, रेल्वे कारवाईही करते. रात्रपाळी करून आलेल्याला झोप हवी असते, त्याचं चुकत नाही. मंडळांनी आवाज आवरावा. पण तक्रारदारालाही एक कळावं: मंडळ गावाचं नसतं, ठरावीक गाडीचं आणि ठरावीक डब्याचं असतं. गाडी गेली की मंडळ मोडतं. ऑगस्ट 2022 मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आणल्या, बदलापूरच्या प्रवाशांनी आंदोलन केलं आणि नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. भांडण तिकिटाचं आणि गर्दीचं होतं. त्या साध्या गाड्यांबरोबर टाळही वाचले, याची नोंद कोणी घेतली नाही.

सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना 5000 रुपये मानधन देतं. द्यायलाच हवं, वाढवायलाही हवं. पण गाणाऱ्या माणसाला औषधाच्या पैशांइतकीच कार्यक्रमाची तारीख लागते. तारीख कोण देतंय?

महोत्सवांच्या जाहिराती पाहा. वर मुंबईहून येणाऱ्या गायकाचा हातभर फोटो, तळाशी बारीक अक्षरांत ‘स्थानिक कलावंत’. वेळ संध्याकाळी पाचची, खुर्च्यांवरची धूळही पुसलेली नसताना. समोर कोण असतं? त्यांचेच नातेवाईक.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शिलालेखावर 1060 साल निघतं. त्या आवारात नामवंत येतात, येऊ द्या, स्वागत आहे. तिथली एक अख्खी रात्र, आणि तीही गर्दीची शेवटची रात्र, आजूबाजूच्या गावांतल्या धवलारिणींना द्या. बदलापुरात भजनी मंडळांना डब्यातून उतरवून सभागृहात बसवा आणि तिकीट लावा. उल्हासनगरात चेटीचंडला भगत ठेवा, जयंतीला गायन पार्टी ठेवा. बिदागी डीजेला देता तेवढीच, आणि आगाऊ.

खर्च फार होईल म्हणता? एका प्रभागातल्या एका मिरवणुकीच्या खोक्यांचं भाडं आधी जाहीर करा. मग बसू हिशेबाला. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, तिघींच्या अंदाजपत्रकात ‘स्थानिक लोकसंगीत, बिदागी’ अशी एक ओळ घालायला किती शाई लागते? पहिला ठराव कोणता नगरसेवक मांडतोय, त्याचं नाव याच सदरात मोठ्या अक्षरांत छापू.