बाळाची कातडी ओलसर राखण्याचा विधी (खोपोलीकर बापांसाठी)

प्रथम घरातले सल्लागार मोजून घ्यावेत. खोपोलीत हे काम इतर गावांपेक्षा अवघड, कारण आपण बोरघाटाच्या पायथ्याशी आणि नातेवाईक दोन्ही अंगांनी येतात. पुण्याची काकू एक्सप्रेसवेने घाट उतरते ती तिकडची कोरडी हवा डोक्यात घेऊनच: "तेल थापून लाव रे, कातडी तडकेल." मुंबईची आत्या कर्जतला गाडी बदलून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत येते आणि तिला घामोळ्यांपलीकडे काही दिसत नाही: "तेल बंद कर, पावडर मार." दोघींची काळजी आपापल्या गावापुरती बरोबर असते. बाळ मात्र खोपोलीत असते. दोघींना एकाच वेळी चहा द्यावा, म्हणजे त्या एकमेकींशी बोलत बसतात.

तेवढ्या वेळात मूळ विषय समजून घ्यावा. बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्या माणसापेक्षा पातळ असतो, त्यामुळे आतले पाणी भराभर उडून जाते. पाणी कसे अडवावे हे खरे तर खोपोलीकराला शिकवायला लागू नये. वर लोणावळ्याकडे वळवण, शिरवट्याच्या धरणांत पाऊस अडवायचा आणि सुमारे पाचशे मीटर खाली, नळांतून, टाटांच्या वीजघरात सोडायचा, हा उद्योग आपल्या डोक्यावर १९१५ पासून चालू आहे. आधी पाणी, मग भिंत. बाळाचेही तसेच: आधी कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, मग अंग टिपून, ते जरा ओलसर असतानाच खोबरेल किंवा बिनवासाचे मलम. तेल ओलावा देत नाही, असलेला अडवते.

आता घरची रीत पाहावी. न्हाऊ घालणाऱ्या मावशी आधी तेल चोळतात, म्हणजे भिंत बांधतात. मग डाळीचे पीठ, हळद आणि साय लावून तीच भिंत खरवडतात. लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवतात (लव आपली आपण गळते, पण गोळ्याला श्रेय मिळते). वरून कढत पाण्याचे तांबे, आणि शेवटी रिकाम्या धरणावर पावडरची उधळण. ही पावडर बाळाच्या छातीत जाते, म्हणून डबा उंच फळीवर ठेवावा आणि फळी कोणती ते विसरावे.

मावशींना "डॉक्टर म्हणाले" असे चुकूनही सांगू नये. गावातल्या निम्म्या डॉक्टरांना त्यांनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलेले असते. मालिश राहू द्यावी. बाळाला ती आवडते आणि मावशींचा हात खरोखरच चांगला असतो. फक्त म्हणावे, "मावशी, पीठ संपलंय हो. आणि आंघोळीनंतर जरा तुमच्याच हाताने तेल लावाल का?" 'तुमच्याच' या शब्दावर भर द्यावा. पाणी आपल्या कोपराने पाहावे. मावशींची बोटे चाळीस वर्षांच्या बंबांनी निबर झालेली असतात, त्यांना कढतही कोमटच लागते. बाळ अजून जन्मलेच नसेल तर एक जास्तीची लढाई आहे: पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा चिकट लेप म्हणजे घाण नव्हे, ते आईच्या पोटातून आणलेले मलम. ते चोळून काढू नये.

ऋतूंपैकी थंडीचे फार काही नाही. पहाटे घाटावरून वारा उतरतो, तेव्हा मलम दोनदा लावावे आणि लोकरीच्या टोपऱ्याखाली सुती टोपरे घालावे. उन्हाळ्यात तेलाचा हात आखडता घ्यावा, मलमलीचे झबले घालावे आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाचे क्रीम न फासता सावलीत ठेवावे.

खरी परीक्षा पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर खोपोलीत काहीच वाळत नाही, लंगोट तर नाहीच. स्वयंपाकघरात दोरी बांधावी, फोडणी देताना ती लांब सरकवावी, आणि प्रत्येक लंगोट इस्त्रीने पुरता कोरडा करावा. या दिवसांत कोरडेपणा शत्रू नसतो, ओल असते: मानेची वळी, जांघा, काखा. तिथे मलम भरू नये. टिपून कोरडे करावे आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला लंगोटाविना मोकळे सोडावे. त्या वेळी समोर कोणी बसू नये. लंगोटाखाली लाली आली तर झिंक ऑक्साइडचे मलम. लाल चट्ट्याच्या कडेने बारीक पुळ्या उठल्या, पाणी सुटले किंवा बाळ तापले, तर थेट डॉक्टर. कपाटातली 'मागच्या खेपेला मोठ्याला लगेच गुण आला' ती ट्यूब आजीच्या आधी आपण शोधावी. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते.

तीट तळपायाला लावावी. दृष्टीला पत्ता सापडतो म्हणे.

दडवलेल्या डाळीच्या पिठाचे काय करायचे, असा प्रश्न जुलैत पडतोच. कांदा चिरून भजी करावीत. हळद त्यात आधीच घातलेली असते. पहिली बशी मावशींना द्यावी, आणि पीठ कुठून आले ते सांगू नये.