सेक्रेटरीमामांचा प्रजासत्ताक दिन

मामा पनवेलला येतात ते डिसेंबरात. उतरल्या दिवशी बेथ एल सिनेगॉगला जाऊन येतात. ते १८४९ सालचं, म्हणजे मामांच्या हिशेबी आपल्या सगळ्यांपेक्षा वडीलधारं. दुसऱ्या दिवसापासून बाजार. दुकानदाराने पुढे केलेले पोहे चिमटीत धरायचे, नखाने मोडायचे, दोन दाणे चावायचे आणि "भिजले की लगदा होईल रे बाबा" म्हणत पोत्यात परत टाकायचे. हे पोहे मलिद्याला लागतात आणि तो मलिदा इस्रायलमध्ये, दिमोनाच्या वाळवंटात, २६ जानेवारीला खाल्ला जातो. मामा तिथल्या भारतवासी मंडळाचे सेक्रेटरी. अध्यक्ष बदलतात, मामा बदलत नाहीत.

मंडळ कसलं, सगळा कुलाबा जिल्हाच तो! पेणकर, रोहेकर, किहीमकर; सगळे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं हे मामांना कळवलेलं आहे, पण ते त्याआधीच देश सोडून गेले असल्याने ठराव त्यांना लागू नाही.

सभा चालते ती जेवणावरून. पेणकरांना नारळाच्या दुधातलं मटण हवं, रोहेकरांना श्रीखंड-पुरी. यहुदी शिस्तीप्रमाणे मांस आणि दुधातुपाचं एका पंगतीत चालत नाही. त्यामुळे मटण ठरलं की श्रीखंड तर गेलंच, वर प्रमुख पाहुण्यांना चहाही कोरा. एका पाहुण्याने आपल्याला मधुमेह आहे असं समजून बिनदुधाचा चहा दिला का, अशी चौकशी केली म्हणे. मामांनी त्यावर पाऊण तास शास्त्र सांगितलं. पाहुण्यांचं भाषण राहिलं.

खरी पंचाईत २६ जानेवारी शनिवारी आली की होते. २०१९ साली आली होती. शनिवार म्हणजे शब्बाथ; चूल नाही, गाडी नाही, माईक तर नाहीच. ज्यांच्या खापरपणज्यांनी कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून 'शनिवार तेली' हे नाव मिळवलं, ते झेंड्यासाठी नियम मोडणार होय? कार्यक्रम पुढे ढकलायचा, आणि रविवार तिथे कामाचा वार. म्हणजे पुन्हा सभा.

नातवंडांची राष्ट्रगीताची तालीम मात्र मामा स्वतः घेतात. हिब्रूत भ नाही, ध नाही. पोरं हिब्रू लिपीत लिहिलेला कागद बघून गातात आणि दर ओळीला मामांच्या कपाळावर आठी चढते. "अरे, पोटातून हवा काढ!" हे ते मराठीत ओरडतात. पोरं कागद हलवून वारा घेतात.

भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले २९ जानेवारी १९९२ रोजी. मामांचा दावा असा की, त्याआधीची चाळीसेक वर्षं भारताची वकिलात बेने इस्रायली बायकांच्या स्वयंपाकघरात होती. अतिशयोक्ती आहे, पण त्या काळी तिथे कोकणी मसाल्याचा वास दुसऱ्या कुठल्या दारातून येत होता ते सांगा, असं ते विचारतात तेव्हा आपल्याला गप्प बसावं लागतं.

पनवेलमध्ये असताना मामांचं गाऱ्हाणं इथल्या रिक्षांवर, धुळीवर, वेळ न पाळण्यावर. "आमच्या दिमोनात असं चालत नाही." तिकडे गेले की, आमच्या पनवेलला शेजारी न विचारता घरात येतो, इथे फोन करून येतात, ही कसली माणसं! दोन्ही गावांनी हे ऐकून सोडून दिलेलं आहे.

त्यांचे इथले एक बालमित्र परवा सांगत होते की, शाळेत असताना २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला हा गडी एकदाही वेळेवर आला नाही. हजेरी आम्ही लावायचो. मामांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. "तेव्हा झेंडा शाळेचा होता रे," म्हणाले, "आता वर्गणी मी गोळा करतो."

यंदाही येतील. बाजारात भेटले तर मंडळाची वर्गणी मागतील. तुम्ही पनवेलचे असलात तरी मागतील. देऊन टाका, पावती मिळते.