घरोघरी कचेरी

महादेव समाधीत असतो म्हणून गाऱ्हाणं नंदीच्या कानात सांगायचं, ही रीत गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरात येणाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. नंदीच्या कानाशी हात धरायचा, कुजबुजायचं आणि वाटेला लागायचं. पोच नाही, आवक क्रमांक नाही, 'सोमवारी या' नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत एवढी गर्दी लोटते, पण नंदीने कुणाकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागितल्याचं ऐकिवात नाही. मोठे साहेब भेटत नसतात, बाहेर बसलेल्याला सांगायचं असतं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की सरकारी कचेरीत पहिल्यांदा पाऊल टाकतानाही परकं वाटत नाही. तिथला नंदी मात्र नेमका त्या दिवशी रजेवर असतो.

तसं सरकार आमच्याकडे हळूहळू जवळ येत गेलं, हे मान्य करायला हवं. आधी मात्र ते लांबच गेलं: १९५६पर्यंत राजधानी नागपूरला होती, ती मुंबईला गेली. म्हणजे गोंदियाला विदर्भ एक्सप्रेस धरायची आणि रात्रभर पाय मुडपून बसायचं, तेव्हा कुठे सकाळी मंत्रालयाचं दर्शन. हिवाळी अधिवेशनाला तेच सरकार फाइलींच्या गठ्ठ्यांसकट नागपूरला येतं आणि इथली थंडी नीट कळायच्या आत परत जातं. जिल्ह्याचं काम निघालं की भंडारा गाठावं लागे. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा झाला आणि नागऱ्याच्या माणसासाठी कलेक्टर ऑफिस सायकलच्या टप्प्यात आलं. तिथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ते आणखी पुढे सरकलं आणि थेट आमच्या खिशात येऊन बसलं.

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी पिकांची नोंद पटवाऱ्याकडे असे. (त्यांना आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं. आमच्याकडे ते तलाठीही कधी झाले नाहीत, पटवारीच राहिले.) पटवारी बांधीच्या धुऱ्यावर यायचे किंवा पानटपरीवरूनच त्यांना सगळं दिसायचं. 'काय लावलं यंदा?' 'धान जी.' झाली पाहणी. आता कास्तकाराने स्वतः शेतात जायचं, मोबाइलवर गट क्रमांक निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं आणि पिकाचा फोटो काढायचा.

आमच्या ओळखीतल्या एका काकाजींना हे काम करताना पाहिलंय. गुडघाभर धानात ते उभे, चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब. रेंज होती ती धुऱ्याच्या पळसाखाली, आणि धान होतं बांधीत. पळसाखाली गेलं की मोबाइल म्हणे, तुम्ही शेतापासून लांब आहात. शेतात आलं की तो काहीच म्हणत नसे. ज्या बांधीत हयात गेली, तिच्यात आपण उभे आहोत हे सिद्ध करायला काकाजी दोन्हींच्या मधे चिखल तुडवत राहिले. शेवटी नातवाने फोटो काढला. त्यात धान थोडं आणि काकाजींचं धोतर जास्त होतं. पण चाललं.

ही नोंद टाळता येत नाही. सातबाऱ्यावर धान चढलं नाही तर आधारभूत खरेदी केंद्रावर विक्रीची नोंदणी अडते. २०२५-२६साठी साधारण धानाला क्विंटलमागे २३६९ रुपये हमीभाव ठरला. तो हवा तर आधी सातबारा, आधार आणि पासबुक जुळायला हवं, मग कट्टे भरायचे, आणि ओलावा १७ टक्क्यांच्या आत ठेवायचा. पिकाला पाऊस हवा आणि कागदाला कोरडं ऊन, अशी दोघांची मर्जी एकाच वेळी सांभाळणं म्हणजे आमची शेती.

कायदे मात्र चांगलेच आहेत, हे टोमणा न मारता सांगतो. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५पासून आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते त्यानुसार ठरवून दिलेलं असतं. त्याआधी २००५च्या दप्तरदिरंगाईच्या कायद्यात तर लिहून ठेवलंय, की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पडून राहू नये, एवढंच. फिरत राहायला तिला कुणाची आडकाठी नाही.

खरी अडचण माझ्या मते विलंबाची नाहीच. पूर्वी नोंद चुकली तर पटवाऱ्याला नावं ठेवता येत. पारावर बसून त्यांचा उद्धार करण्यात अर्धं दुःख हलकं व्हायचं. आता नोंद चुकली तर चुकवणारे आपणच. कारकुनाचं काम आपल्याकडे आलं, पगार तेवढा यायचा राहिला, आणि शिव्या द्यायला कुणी उरलं नाही. काम करता करता कारकुनाचा स्वभावही अंगात शिरतो. काकाजींकडे आता प्लास्टिकची एक फाइल आहे. तिच्यात विजेची बिलं, धानाच्या पावत्या, मयत वडिलांचा दाखला आणि त्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स. मूळ कागद ते कुणाला देत नाहीत, दाखवतात फक्त, आणि दाखवतानाही एक कोपरा बोटात धरून ठेवतात.

रोवणीनंतर शेजाऱ्याने त्यांचा फवारणीचा पंप मागितला. काकाजींनी नाही म्हटलं नाही. वही काढली, तारीख घातली, 'पंप चालू स्थितीत दिला' असं लिहिलं आणि खाली सही घेतली. शेजारी हसत घेऊन गेला. दोन दिवसांनी पंप परत करायला आला, ओट्यावर ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

"काय पाहिजे रे?" काकाजींनी विचारलं.

"पोच द्या जी," तो म्हणाला.