ड्रमवाल्याचा पिंजरा

ड्रमचा आवाज फार होतो म्हणून ड्रमवाल्याभोवती अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक पाट्यांचा पिंजरा उभा करायचा, आणि त्याच पिंजऱ्यात पाच माइक सोडून तोच आवाज स्पीकरवाटे मंडळींच्या कानात ओतायचा! आधी कोंडायचा, मग वायरीने बाहेर काढायचा. दोन्ही वेळा बिल दानपेटीवर. मोठ्या शहरांतल्या चर्चांचं हे वेड आदिलाबाद जिल्ह्यातल्या पत्र्याच्या छपराखाली आणू पाहणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं की पिंजरा अडवतो काय. झांजांचा खणखणाट पुढच्या रांगेपुरता अडतो, कबूल. पण बास ड्रमचा दणका 60 हर्ट्झच्या आसपासचा; त्याची लाट साडेपाच मीटरहून लांब, ती पाच फुटी पाटीला वळसा घालून जाते. वरून पिंजरा उघडा, म्हणजे अडलेला खणखणाटही पत्र्याला आपटून मागच्या रांगेतल्या आजीबाईंच्या डोक्यावर. मग झाकण लावा. मे महिन्यात इथं पारा 45 च्या घरात जातो. झाकणबंद ड्रमवाला दुसऱ्या गाण्यालाच उकडून निघणार. मग आत पंखा. पंख्याची घरघर पाचही माइक इमानाने टिपणार, म्हणून गाणं सुरू असताना पंखा बंद. पंखा बंद की ड्रमवाल्याला गाणं उरकायची घाई, सबब संथ भक्तिगीताची लय दर कडव्याला चढती. ‘आज उपासनेत काय जोश होता!’ असं म्हणत मंडळी घरी जाणार.

दिवाळीत दंडारी-गुसाडी नाचाचे ढोल घुमतात तेव्हा कुणी कुरकुरत नाही, मग आमच्याच ड्रमचं काय, असं कुणी विचारेल. ते ढोल उघड्या आभाळाखाली वाजतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पत्रा, फरशी आणि चार बोडक्या भिंतींत तो परतून येतो. शेजारचे भोंगे मोठे आहेत, ही सबबही चालणार नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल लिहिलेत, ‘शेजाऱ्याहून थोडा कमी’ असं नाही. आणि अख्खा जिल्हा कापूस पिकवतो, तरी घुमणारा हॉल शांत करायला फोमचे तुकडे विकत आणायचे! भिंतीला कापसाच्या जाड गाद्या, ड्रमखाली सतरंजी, हातात बारीक काड्यांच्या जुडीच्या छड्या. घुमारा तेवढ्यानेही उतरतो. गाद्यांनी शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. त्याला जाड विटांची भिंत आणि फटी बुजवलेली दारं लागतात. पण त्याहून स्वस्त इलाज आहे: ‘हळू वाजव रे.’ तीन शब्द, शून्य रुपये. ते कुणी उच्चारत नाही, कारण वाजवणारा कमिटीतल्या कुणाचा तरी भाचा असतो. एका पोराला तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून हजारोंचं अ‍ॅक्रिलिक! त्या खोक्यात आदळून परतणाऱ्या आवाजाने त्याचेच कान जातील, याची फिकीर एकालाही नाही. त्याची तक्रार निराळीच: आत गायकांचं काही ऐकू येत नाही. म्हणून आता पिंजऱ्यात त्याच्यासाठी एक स्पीकर बसणार.