मागे काहीही नसलेला गणपती

मंडळाच्या ऑर्केस्ट्राला यंदा एलईडी वॉल सांगितली आहे आणि ‘तुला कॉम्प्युटर येतो ना?’ एवढ्या पात्रतेवर ती तुमच्या गळ्यात पडली आहे. अभिनंदन. पुढच्या सूचना तुमच्यासाठी.

आधी मंडळाचं बोधचिन्ह मिळवा. ते अध्यक्षांकडे असतं आणि ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतात. गणपतीच्या मागे पांढरा चौकोन उगवतो तो तिथेच, कारण वाटेत त्या चित्राचं जेपीईजी होतं आणि जेपीईजीला पारदर्शकता ठाऊकच नाही. तिथे प्रत्येक ठिपक्याला कुठला ना कुठला रंग असावाच लागतो. ‘इथे काही नाही’ असं म्हणायची सोय नाही. पीएनजीत ती आहे. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा असतो, अल्फा: 0 म्हणजे आरपार, 255 म्हणजे भरीव, मधले आकडे कडांसाठी. थोडक्यात, बाप्पाच्या मागे काही नाही हेसुद्धा ठिपक्याठिपक्याला लिहून ठेवावं लागतं. तेव्हा अध्यक्षांना फोन करून सांगा, “भाऊ, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” ते त्याच फोटोचा स्क्रीनशॉट काढून डॉक्युमेंट म्हणून पाठवतील.

आता इंटरनेटवर ‘ट्रान्सपरंट गणपती’ शोधायचा मोह होईल. करड्या-पांढऱ्या चौकटींवर बसलेला सुबक गणपती सापडेलही, पण त्या चौकटी पुष्कळदा चित्रातच रंगवलेल्या असतात. बारा फुटी गणराय बुद्धिबळाच्या पटावर विराजमान झालेले मी स्वतः पाहिले आहेत. लोकांनी हात जोडले, ही गोष्ट वेगळी.

शेवटी तुम्ही रात्री बसून पार्श्वभूमी स्वतः कापाल. लॅपटॉपवर, पांढऱ्या पडद्यावर, काम फक्कड दिसेल. वॉलवर गडद निळ्या आकाशापुढे ठेवलंत की सोंडेभोवती पांढरी किनार चमकेल. कडेचे ठिपके अर्धे पारदर्शक झालेले असतात, पण त्यांच्या अंगात जुना पांढरा रंग मुरलेला असतो. म्हणून कापलेलं चित्र आधी काळ्यावर, मग भडक लालवर ठेवून पाहावं. काही सॉफ्टवेअरं रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात, काही नाही. बनवणारं एका पंथाचं आणि दाखवणारं दुसऱ्या पंथाचं निघालं की किनार पुन्हा हजर. आधी गुणून ठेवण्यातली सोय लुकासफिल्मच्या पोर्टर आणि डफ यांनी 1984 सालीच मांडली होती. ती आपल्या मांडवापर्यंत पोहोचते आहे.

व्हिडिओ कुणाचा तरी भाचा आणून देतो. “फोर-के आहे, काका!” असं तो म्हणेल. त्याला वॉल मोजायला लावा. पी-3.91 जातीच्या अर्ध्या मीटरच्या पॅनेलमध्ये एका बाजूला 128 ठिपके असतात. आठ आडवी, सहा उभी पॅनेलं लावली तर सगळी भिंत 1024 बाय 768. भाच्याचे 3840 ठिपके लॅपटॉपला घाम फोडून वाटेतच गळून जाणार. व्हिडिओ भिंतीच्या मापाचाच करून घ्या.

व्हिडिओ अडखळण्याचं खरं कारण मात्र निराळं. मोबाइलवरच्या एमपी-4 मध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढंच टिपलेलं असतं. घरी पहिल्यापासून बघताना काही बिघडत नाही. पण गायकाला वन्समोअर मिळतो, तो थेट दुसऱ्या कडव्यावर उडी मारतो आणि तुम्हीही मारता. कॉम्प्युटर बिचारा मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून हिशेब करत येतो. तोवर पडद्यावरचा मोर एका पायावर. यासाठी हॅप किंवा डीएक्सव्ही हे कोडेक वापरावेत: प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे. हॅप अल्फात पारदर्शकताही टिकते, जी नेहमीच्या एमपी-4 मध्ये टिकत नाही. बदल्यात फाइल फुगते. आपल्या या लहानशा भिंतीलाही सेकंदाला 25 फ्रेमने मिनिटाला सव्वा जीबीपर्यंत. म्हणून ती लॅपटॉपच्या एसएसडीवर उतरवून घ्या. भाच्याच्या पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका, तो कितीही सोनेरी असला तरी.

डिस्प्ले ‘डुप्लिकेट’वर नको, ‘एक्स्टेंड’वर ठेवा. नोटिफिकेशन बंद करा. ‘येताना दही आणा’ हा निरोप बारा फुटांवर वाचून आमच्या प्रेक्षकांतल्या तिघांनी दही आणलं होतं.

एवढं सगळं जमलं की आरतीच्या वेळी तो क्षण येईल. मागे ढग संथ सरकताहेत, पुढे बाप्पा, कडा स्वच्छ, एकही झटका नाही. अध्यक्ष गर्दीतून वाट काढत तुमच्या टेबलापाशी येतील, भिंतीकडे पाहतील आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतील, “छान झालंय. फक्त गणपतीच्या मागे काहीतरी टाक ना, मोकळं मोकळं वाटतंय. साधा पांढरा चौकोन चालेल.”