श्री. गोचीड यांस सविनय शिव्या

प्रति,
श्री. रा. रा. गोचीड,
सध्या मुक्काम: खंडूच्या डाव्या कानाची आतली घडी.
कायमचा पत्ता: पडवीच्या भिंतीतली फट, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या कुत्र्याचं, खंडूचं, रक्त प्यालात आणि वर त्याला ताप बहाल केलात, त्याबद्दल आपला जाहीर सत्कार करायचा राहून गेला. समक्ष येऊन चिमट्यानेच केला असता. पण मी सध्या परळच्या टाटा हॉस्पिटलात घशाला रेडिएशनचा शेक घेतोय आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतोय. आपल्यात तीनशेच्या आसपास किलोमीटर आहेत. मुहूर्त मात्र आपण झकास काढलात. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून खंडूचे कान उलटे करून पाहणारा माणूस एसटीत बसला, आणि आपण सहकुटुंब गृहप्रवेश केलात. पंचांग कोणतं वापरता?

आपलं घराणं थोर आहे, हे मान्य करतो. आमच्याच नेवाशाला खांबाला टेकून माउलींनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ सांगितला, आणि नवव्या अध्यायात आपल्या कुळाचीही वर्णी लागली. कातड्यापलीकडे गोड दूध असताना रक्तालाच तोंड लावणारा जीव, अशी तिथे आपली ख्याती आहे. सातशेहून जास्त वर्षं लोटली. तालुक्यात कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आपण मात्र आपल्या धोरणापासून तसूभर ढळला नाहीत. इतकी निष्ठा आमच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांत असती, तर निवडणुकीत पक्षांची नावं तरी लक्षात राहिली असती.

गाईवरचे आपले काही चुलते त्या मानाने साधे. एकदा जनावर धरलं की अंडी घालायची वेळ येईपर्यंत त्याच्यावरच संसार करतात. आपण कुत्र्यावरचे, तांबूस रंगाचे, जरा जास्त शिकलेले. सहा पायांचं पिल्लू म्हणून चढायचं, पोट भरलं की उतरायचं. फटीत कात टाकून आठ पायांनी परत यायचं, पुन्हा प्यायचं, पुन्हा उतरायचं. आणि वयात येऊन तिसऱ्यांदा पंगतीला बसायचं. शेवटी टम्म फुगलेली मादी भिंत चढते आणि फटीत हजारांनी अंडी घालते, चार हजारांपर्यंतसुद्धा. जेवण मिळालं नाही तर महिनोन् महिने उपाशी बसायचीही आपली तयारी असते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते नुसते पाहुणे. आपलं गाव वसलंय भिंतीत.

रक्त प्यालात, ठीक आहे, पोट कुणाला नाही? पण निघताना लाळेतून एर्लिकिया कॅनिस नावाचा जंतू आहेर म्हणून ठेवून गेलात. हा आहेर 1935 मध्ये अल्जीरियातल्या कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकी लष्कराची तगडी अल्सेशियन कुत्री याच जंतूने मोठ्या संख्येने मारली. आपल्या पराक्रमापुढे आमचा गावठी खंडू म्हणजे फारच किरकोळ शिकार. तरी आपण त्याला मोठ्यांच्या रांगेत बसवलंत, हा आपला मोठेपणा.

हा जंतू पांढऱ्या पेशींत घर करतो. मग ताप येतो, जेवण सुटतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, प्लेटलेट्स घसरतात आणि कधी नाकातून रक्त येतं. आणि इथे आपण विनोदही साधलात. केमोने माझ्याही प्लेटलेट्स खाली आल्या आहेत. गावाहून पुतण्या खंडूचा सीबीसी पाठवतो, मी त्याला माझा पाठवतो. परवा आमच्या घरच्यांनी खंडूचा कागद माझा समजून रडायला सुरुवात केली. खंडूचा आहे कळल्यावर थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत.

संध्याकाळी पुतण्या व्हिडिओ कॉल लावतो. मोबाइलमधला चेहरा खंडूला कळत नाही, त्याला आवाज कळतो. आणि शेकाने माझा आवाजच बसलाय. मी घोगऱ्या स्वरात हाका मारतो, तो भलतीकडे पाहतो. एकदा मला ठसका लागला, तेव्हा त्याने मान उचलली आणि शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. वीस वर्षं ज्याला विडीचा खोकला म्हणून घरचे शिव्या घालत आले, तो असा कामी आला.

धर्मशाळेतले सोबती म्हणतात, "काका, आधी स्वतःचं बघा. कुत्र्याचं काय घेऊन बसलात!" भली माणसं आहेत, त्यांना काय सांगू? माझ्या आजाराला फाइल आहे, नंबर आहे, तारीख आहे. त्याची काळजी करायला माझ्याहून शहाणी माणसं नेमलेली आहेत. खंडूच्या आजाराला यातलं काही नाही. पुतण्या, मोटारसायकलवर येणारे एक पशुवैद्य, आणि इथे पडल्या पडल्या काळजी करणारा मी, एवढाच त्याचा स्टाफ.

आणखी एक गंमत आपल्या कानावर घालतो. मी जिथे शेक घेतो, तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आहे. टाटा हॉस्पिटल उघडलं 1941 मध्ये. हे त्याच्याही आधीचं, एकोणिसाव्या शतकातलं. म्हणजे परळमध्ये माझी सोय होण्याच्या कितीतरी आधी खंडूची झाली होती. फक्त आजारी पडताना दोघांनी एका गावात असायला हवं होतं.

मुंबईत आपला वावर नाही असंही नाही. जून 2024 मध्ये महालक्ष्मीच्या टाटांच्या नव्या प्राणी रुग्णालयात सात महिन्यांचं एक कुत्रं दाखल होतं. रक्त पार कमी झालेलं आणि संशय गोचीड-तापाचा. त्याला रक्त देऊ शकेल असं कुत्रं मिळावं म्हणून खुद्द रतन टाटांनी समाजमाध्यमावर मुंबईकरांना विनंती केली होती. हेच ते गृहस्थ. 2018 मध्ये लंडनच्या राजवाड्यात राजपुत्राकडून त्यांचा सन्मान व्हायचा होता, पण घरचं कुत्रं आजारी पडलं म्हणून ते गेलेच नाहीत, असं त्यांचे स्नेही सुहेल सेठ सांगतात. राजपुत्राला नाही म्हणता येतं. रेडिएशनच्या मशीनला म्हणता येत नाही, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक. बाकीचे फरक क्षुल्लक आहेत.

गावात आपल्याला हितचिंतक पुष्कळ. एकाने सुचवलं, काडी पेटवून चटका द्या. दुसऱ्याने रॉकेल आणलं. तिसरा माणसाची तापाची गोळी अर्धी करून भाकरीत घालायला निघाला होता. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, हे पुतण्याला ठाऊक होतं म्हणून बरं. पण आपला खरा एजंट चौथा. तो ओट्यावर बसून शांतपणे म्हणाला, "गोचिडं काय, सगळ्याच कुत्र्यांना असतात." या एका वाक्यावर आपलं साम्राज्य उभं आहे. वाघ वस्तीवर आला तर गाव काठ्या घेऊन धावतं. आपण आलात तर कुणी खाटेवरून उठत नाही.

तरी आपणांस नोटीस देण्यात येते की, खंडूच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या सुरू आहेत आणि त्या तो बरा दिसू लागला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत चालतील. पडवीच्या फटी लिंपल्या जात आहेत. गोणपाटं जाळली. पशुवैद्यांनी सांगितलेलं औषध भिंतीवर आणि अंगावर दोन्हीकडे मारलं जाईल, कारण आपला कायमचा पत्ता आता आम्हाला कळला आहे. काल खंडूने अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी खाईल तेव्हा आपणांस वेगळ्या पत्राने कळवू.

कळावे, लोभ नसावा.

खंडूचा मालक,
मुक्काम दादर

ता. क. हे पत्र गोचिडाला वाचता येणार नाही, म्हणून वाचणाऱ्यांना सांगतो. आज आपल्या कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा हाताने चाचपून पाहा. गोचीड दिसलं तर चिमट्याने कातड्यालगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. ताप असेल, जेवण सुटलं असेल तर वाट न पाहता पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या. खेड्यात असाल तर पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर फोन लावून विचारा. आणि शेजारचा कुणी उपचाराला गावाबाहेर गेला असेल, तर त्याच्या कुत्र्याचेही कान पाहा. त्याला फोन करून तेवढंच सांगा. इथे पडलेल्या माणसाला दुसरं काही नको असतं.